वाळवंटातला जामीनदार

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' पाहिलेल्या चार माणसांचं एकमत झालेलं मी तरी अजून पाहिलेलं नाही. एकाला आठवतं ते वाळवंट. क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो, हळूहळू मोठा होतो आणि उंटावर बसलेला ओमर शरीफ होऊन विहिरीपाशी येऊन थांबतो, हे दृश्य तो हातवारे करून सांगतो. दुसरा मॉरिस जारच्या संगीताची धून गुणगुणू लागतो. तिसऱ्याचं म्हणणं असं, की पावणेचार तास नुसती वाळू पाहायची म्हणजे फार झालं. घरातल्या बाईमाणसांची तक्रार वेगळीच आणि रास्तही, की एवढ्या थोरल्या चित्रपटात एकाही स्त्रीच्या तोंडी एक वाक्य नाही. आणि कॉलेजात शिकणारी मंडळी ठणकावून सांगतात, की ही शेवटी एका गोऱ्या साहेबानं काळ्यासावळ्या लोकांना स्वातंत्र्य मिळवून दिल्याची गोष्ट आहे आणि असल्या गोष्टींवर आपण विश्वास ठेवू नये.

गंमत म्हणजे, दिग्दर्शक डेव्हिड लीननं हे मतभेद ओळखूनच चित्रपटाची सुरुवात केली आहे. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात मरतो, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याच्यासाठी स्मरणसभा होते आणि बाहेर पडणारे लोक त्याच्याविषयी एकमेकांना छेद देणारं काहीबाही बोलत असतात. १९६२ साली आलेल्या या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. पण त्या पायऱ्यांवरचं भांडण काही मिटलेलं नाही. हा माणूस वीर होता, ढोंगी होता, की वेडा होता?

मी आयुष्याची उमेदीची वर्षं बँकेत काढली. त्यामुळे असा प्रश्न आला की माणसाच्या डोळ्यांतलं तेज पाहण्याऐवजी त्याचं खातं पाहावं, अशी खोड लागलेली आहे. लॉरेन्सचं खातं पाहिलं, तर मला तो वीर दिसत नाही आणि ढोंगीही दिसत नाही. तो दिसतो जामीनदार. कर्ज घेणारा एक, देणारा दुसरा आणि मधे सही करणारा तिसरा. आणि कर्ज घेणाऱ्याच्या मनात फेडायचं नाहीच, याची कुणकुण सही करतानाच असलेला असा हा तिसरा.

टॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमाडॉग या गावी झाला. 'लॉरेन्स' हे आडनाव मुळात त्या घराचं नव्हतंच. वडील टॉमस चॅपमन हे आयर्लंडमधले मोठे जमीनदार. पत्नी आणि चार मुली मागे ठेवून ते मुलींच्या शिक्षिकेबरोबर, सेराबरोबर, निघून आले आणि दोघांनी नवं नाव घेऊन नवा संसार मांडला. लग्न कधी झालंच नाही. पाच मुलगे झाले, त्यांतला हा दुसरा. १८९६ साली कुटुंब ऑक्सफर्डला स्थिरावलं. घर देवभीरू, आई कडक शिस्तीची आणि पाटीवरचं नाव मात्र उसनं. मुलाला हे लहानपणीच उमगलं होतं. पुढे आयुष्यात त्यानं दोनदा नाव बदललं, तेव्हा लोकांना नवल वाटलं. त्याला कशाला वाटावं?

पोरगं अंगानं लहानखुरं, मोठेपणीही उंची जेमतेम साडेपाच फूट. पडद्यावरचा पीटर ओटूल त्याच्याहून चांगला वीतभर उंच आहे. पण चिकाटी अफाट. जुन्या किल्ल्यांचं वेड लागलं, तसा सायकलवरून फ्रान्सभर हिंडला. १९०९ च्या उन्हाळ्यात, ऑक्सफर्डमध्ये शिकत असतानाच, क्रूसेडच्या काळातले किल्ले पाहायला एकटा सीरियात गेला आणि भर उन्हात हजारएक मैल पायी चालला. किल्ल्यांवरच्याच प्रबंधावर त्याला १९१० साली पहिला वर्ग मिळाला. पुढची तीन-चार वर्षं युफ्रेटिसच्या काठी, आजच्या तुर्कस्तान-सीरिया सीमेवरच्या कार्केमिश इथल्या उत्खननात गेली. मजुरांशी त्यांच्या बोलीत बोलायचं, त्यांच्या तंट्यांत पंच व्हायचं, त्यांच्यासारखं जेवायचं. आपल्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस हेच, असं त्याला पुढे वाटत राहिलं. चित्रपटात हे दिवस नाहीत. त्यामुळे प्रेक्षकाला वाटतं, की हा गडी एकदम वाळवंटात उपटला. तो तिथे आधीच मुरलेला होता.

१९१४ साली महायुद्ध पेटलं आणि अरबी येणारा हा पुरातत्त्वज्ञ कैरोच्या लष्करी गुप्तवार्ता कचेरीत नकाशे काढत बसला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या आघाडीवर त्याचे दोन भाऊ, फ्रँक आणि विल, पाच महिन्यांच्या अंतरानं मारले गेले. हा खुर्चीत सुरक्षित. ती बोच त्याच्या मनात राहिली असणार.

इथे एक धागा थेट आपल्याकडे येतो. १९१५ च्या डिसेंबरात टायग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा या गावात तुर्कांनी ब्रिटिशांच्या ज्या फौजेला वेढा घातला, ती होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मदतीला गेलेल्या तुकड्या मागे रेटल्या गेल्या, आत अन्न संपलं. तेव्हा १९१६ च्या एप्रिलमध्ये कैरोहून लॉरेन्सला पाठवण्यात आलं. काम असं, की तुर्की सेनापतीला पैसे देऊन वेढ्यातली माणसं सोडवता येतात का ते पाहायचं. आकडा वीस लाख पौंडांपर्यंत चढला. खलील पाशानं तो धुडकावून लावला. २९ एप्रिलला फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, त्यांत बहुसंख्य हिंदी. वाळवंटातल्या लांबच्या चालीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले. साम्राज्याची पत किती आहे आणि ती कुठे चालत नाही, याचा हिशेब लॉरेन्सनं तिथे जवळून पाहिला.

आता मुख्य व्यवहार. मक्केचे शरीफ हुसेन तुर्कांच्या अमलाखाली होते. १९१५-१६ मध्ये इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त मॅकमहन यांनी पत्रांतून त्यांना असं सुचवलं, की तुम्ही तुर्कांविरुद्ध उठाव करा, आम्ही काही प्रदेश वगळून अरबांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ. मात्र मे १९१६ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आपसांत गुप्त करार केला. तोच साइक्स-पिको करार. त्यात नकाशावर रेघ ओढून सीरिया फ्रान्सकडे, मेसोपोटेमिया ब्रिटनकडे अशी वाटणी झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात, जूनमध्ये, हुसेननं उठावाची पहिली गोळी झाडली. म्हणजे अरबांनी आपलं रक्त कर्जाऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हा कर्जदारानं तारण आधीच दुसऱ्याकडे गहाण टाकलेलं होतं.

ऑक्टोबर १९१६ मध्ये लॉरेन्स जेद्दाला उतरला आणि हुसेनचा तिसरा मुलगा फैसल याला भेटला. उठावाला चेहरा हवा होता, तो त्याला फैसलमध्ये दिसला. ब्रिटिशांचं सोनं, बंदुका आणि स्फोटकं फैसलकडे पोचवणारा दुवा म्हणून तो तिथे राहिला. फैसलच्या सांगण्यावरून अरबी पोशाख घालू लागला. टोळ्यांचे प्रमुख त्याला विचारीत, की तुमचं सरकार शब्द पाळील ना? आणि तो हो म्हणे. गुप्त कराराचा सुगावा त्याला लागलेला होता. आपण पोकळ हमी देत होतो आणि ते आपल्याला माहीत होतं, हे त्यानं स्वतःच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. मग त्यानं मनाशी एक तोडगा काढला. अरबांनी इतकं जिंकावं, दमास्कसपर्यंत इतक्या झटपट पोचावं, की वाटणीच्या वेळी त्यांना डावलणं कुणालाच जमू नये. जामीनदार कर्जदाराला सुधारू शकत नव्हता, म्हणून धनकोला बळकट करायला निघाला.

चित्रपटातला सगळ्यांच्या स्मरणातला भाग म्हणजे अकाबा. मे १९१७ मध्ये चाळीस-पन्नास माणसांनिशी लॉरेन्स निघाला. सोबत हुवैतात टोळीचा म्होरक्या औदा अबू ताई. अँथनी क्वीननं त्याला पडद्यावर आडदांड, पैशाचा लोभी असा रंगवला आहे. प्रत्यक्षातला औदा नामांकित योद्धा होता आणि या मोहिमेची मदार त्याच्यावर होती. वाळवंटाला वळसा घालून, वाटेत टोळ्या गोळा करीत ते अकाबाच्या मागे उतरले. खरी लढाई अकाबाबाहेर डोंगरात, अबा-अल-लिसानला, २ जुलैला झाली. त्या धुमश्चक्रीत लॉरेन्सनं चुकून आपल्याच उंटिणीच्या डोक्यात गोळी घातली, तो फेकला गेला आणि बेशुद्ध पडला. ६ जुलैला अकाबा जवळजवळ न लढताच हाती आलं. पडद्यावरचा तो घोडदौडीचा भव्य हल्ला पाहताना डोळे फाटतात हे खरं, पण ते अकाबा स्पेनच्या किनाऱ्यावर उभारलेलं होतं.

त्याच प्रवासातला गासिमचा प्रसंगही असाच. वाळवंटात मागे राहिलेल्या गासिमला लॉरेन्स एकटा परत जाऊन घेऊन येतो आणि पुढे टोळ्यांतलं वैर टाळण्यासाठी त्यालाच स्वतःच्या हातानं गोळी घालतो. ही भूमिका आपल्या आय. एस. जोहरनं केली, म्हणून आपल्याकडच्या प्रेक्षकाला ती अधिकच लागते. प्रत्यक्षात वाचवलेला माणूस आणि मारलेला माणूस हे दोन वेगळे होते. मारण्याचा प्रसंग आधीचा, मार्चमधला, आणि वाचवण्याचा मे महिन्यातला. लेखकांनी दोन्हींची गाठ मारली. कादंबरीकार म्हणून मला ती गाठ आवडते. पण त्या माणसाच्या बाबतीत ती गाठ खोटी आहे, हेही सांगायला हवं.

मग रेल्वे. दमास्कस ते मदिना हा सुमारे १,३०० किलोमीटरचा लोहमार्ग १९०८ साली पुरा झाला होता. त्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी, हिंदुस्थानातल्याही, वर्गणी दिली होती. लॉरेन्स, त्याचे ब्रिटिश सहकारी आणि अरब यांनी तो ठिकठिकाणी उडवला. रूळ तोडायचे, पण मदिना घ्यायची नाही, म्हणजे तुर्कांची हजारो माणसं डागडुजीतच अडकून पडतात. गनिमी कावा ज्यांच्या रक्तात आहे त्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको.

या यशाची किंमत मोठी होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये दारा इथे तुर्कांनी आपल्याला पकडून अमानुष छळ केला, असं त्यानं लिहिलं. ते नेमकं तसंच घडलं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. मनानं मोडला होता, यावर नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये तफास गावात तुर्कांनी कापून काढलेली बायकामुलं पाहिल्यावर त्याच्या लोकांनी शरण आलेल्यांनाही सोडलं नाही. हेही त्यानं लपवलं नाही. १ ऑक्टोबर १९१८ रोजी दमास्कस पडलं. ३ तारखेला सेनापती ॲलनबीनं फैसलला बोलावून सांगितलं, की सीरियावर फ्रान्सची देखरेख राहील. लॉरेन्सनं रजा मागितली आणि दुसऱ्या दिवशी तो शहर सोडून गेला.

चित्रपट इथे संपतो. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते.

महिना संपायच्या आत तो बकिंगहॅम राजवाड्यात पंचम जॉर्जसमोर उभा राहिला आणि मिळालेले मानसन्मान त्यानं नम्रपणे नाकारले. अरबांना दिलेला शब्द मोडत असताना आपल्याला बक्षीस घेता येणार नाही, हे त्याचं कारण. १९१९ च्या पॅरिस परिषदेत तो फैसलचा दुभाषा आणि वकील म्हणून झगडला. उपयोग झाला नाही. जुलै १९२० मध्ये मैसलूनच्या लढाईनंतर फ्रेंचांनी फैसलला सीरियातून हाकललं. हुंडी वटली नाही. १९२१ साली चर्चिलच्या हाताखाली तो वसाहत खात्यात गेला, तेव्हा थोडीफार वसुली झाली. फैसलला इराकचं राज्य आणि त्याचा भाऊ अब्दुल्ला याला ट्रान्सजॉर्डन मिळालं. इराकचं राजघराणं १९५८ च्या क्रांतीत संपलं, जॉर्डनमध्ये अब्दुल्लाचे वंशज आजही राज्य करतात. लॉरेन्सला वाटलं, की आपण बऱ्यापैकी फेड केली. पण सीरियाच्या लोकांना किंवा पॅलेस्टाइनमधल्या अरबांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी ही पावती फाडून टाकली असती.

याच काळात त्याच्या नशिबी प्रेक्षक आले. लोवेल टॉमस या अमेरिकन वार्ताहरानं ऑगस्ट १९१९ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला एक कार्यक्रम सुरू केला. चलच्चित्रं, रंगवलेल्या काचांच्या तसबिरी, संगीत आणि जोरदार निवेदन. पांढऱ्या झग्यातला गोरा राजपुत्र पाहायला दहा लाखांवर माणसं लोटली. युद्धात घरोघरी मुलं गेलेली. खंदकातल्या चिखलातल्या मरणाला चेहरा नव्हता. वाळवंटातल्या या वीराला तो होता. लॉरेन्सनं या प्रसिद्धीविषयी नाराजी दाखवली, पण तो स्वतः कार्यक्रम पाहायला गेला, तोही अनेकदा, आणि टॉमससाठी लंडनमध्ये अरबी वेषात छायाचित्रांना उभाही राहिला. कौतुक हवंसं वाटायचं आणि हवंसं वाटतं याचीच चीड यायची. हा तिढा त्याला शेवटपर्यंत सुटला नाही.

म्हणून मग कर्नल लॉरेन्स नाहीसा झाला. ऑगस्ट १९२२ मध्ये जॉन ह्यूम रॉस या नावानं तो हवाई दलात अगदी खालच्या पायरीवर भरती झाला. वर्तमानपत्रांनी बिंग फोडलं, नाव कापलं गेलं. १९२३ मध्ये टी. ई. शॉ या नावानं रणगाडा दलात शिरला, १९२५ मध्ये पुन्हा हवाई दलात. बर्नार्ड शॉ, टॉमस हार्डी यांच्या घरी ज्याची ऊठबस, तो बराकीत फरशा पुसत होता.

त्याच्या पैशाचा हिशेबही पाहा. 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'चा पहिला खर्डा १९१९ मध्ये रेडिंग स्टेशनवर हरवला. त्यानं तो स्मरणातून पुन्हा लिहिला. १९२६ मध्ये तीस गिनींना एक, अशा दोनशेच्या आसपास प्रती वर्गणीदारांसाठी काढल्या. प्रत तयार करायला खर्च त्याच्या कितीतरी पट आला आणि तो बँकेच्या कर्जात बुडाला. ते फेडायला त्यानं 'रिव्होल्ट इन द डेझर्ट' ही संक्षिप्त आवृत्ती १९२७ मध्ये काढली. ती धडाक्यानं खपली. कर्ज फिटताच त्यानं ब्रिटनमधली पुढची छपाई थांबवली आणि वरचा पैसा हवाई दलातल्या लोकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. अरबस्तानातल्या त्या व्यवहाराची एक कवडीही आपल्या खिशात राहू द्यायची नाही, हा नियम त्यानं पाळला.

पुस्तक गाजत होतं, तेव्हा हा गृहस्थ कुठे होता? कराचीत. तेव्हा ते शहर मुंबई इलाख्यातच मोडत होतं. जानेवारी १९२७ पासून द्रिघ रोडच्या हवाई तळावर तो इंजिनांच्या दुरुस्तीची कारकुनी करीत होता. १९२८ च्या मेमध्ये वझिरिस्तानातल्या मीरानशाहच्या छोट्या किल्ल्यात गेला. तिथे टंकलेखन करायचं आणि रात्री होमरच्या 'ओडिसी'चं इंग्रजी भाषांतर. एवढ्यात अफगाणिस्तानात अमानुल्लाविरुद्ध बंड झालं आणि हे या हेराचंच कारस्थान, अशी आवई उठली. सरकारची पंचाईत झाली. जानेवारी १९२९ मध्ये त्याला घाईनं हलवून मुंबई बंदरातून 'राजपुताना' जहाजावर बसवण्यात आलं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक आपल्या धक्क्यावरून शिपायाच्या वेषात असा चोरपावलांनी गेला.

पुढे प्लिमथला असताना १९३१ साली डोळ्यांदेखत एक विमान समुद्रात कोसळलं. संथ नौकांमुळे माणसं वाचत नाहीत हे पाहून त्यानं वेगवान बचावनौकांचा ध्यास घेतला आणि त्या बनवण्यात, तपासण्यात हात काळे केले. दुसऱ्या महायुद्धात अशाच जातीच्या नौकांनी समुद्रात पडलेले वैमानिक उचलले. १९३५ च्या जानेवारीत निर्माता अलेक्झांडर कोर्डा त्याच्यावर चित्रपट काढायला निघाला होता. मी जिवंत आहे तोवर नको, एवढीच विनंती लॉरेन्सनं केली आणि कोर्डानं ती मानली.

फेब्रुवारीअखेर नोकरी संपली. १३ मे १९३५ रोजी पोस्टात तार करून मोटारसायकलवरून आपल्या खोपटाकडे परतताना दोन सायकलस्वार मुलांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. १९ मे रोजी वारला. वय ४६. त्याला तपासायला आलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स त्या मृत्यूनं अस्वस्थ झाले. डोक्याच्या दुखापतींचा त्यांनी पाठपुरावा केला आणि त्यातून लष्करी मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण देण्याची प्रथा रुजली. आज आपण हेल्मेटवरून कटकट करतो, त्यामागे हाही एक अपघात आहे.

चित्रपट आला तेव्हा धाकटा भाऊ आर्नल्ड संतापला. आपला भाऊ असा नव्हता, असं त्याचं म्हणणं. ॲलनबीच्या घरच्यांनीही नाराजी व्यक्त केली. जॉर्डनचे इतिहासकार सुलेमान मूसा यांनी पुस्तकच लिहून दाखवून दिलं, की हा उठाव मुळात अरबांचा होता आणि श्रेय भलतीकडे गेलं. मला वाटतं, कॉलेजातली ती पोरं आणि मूसा बरोबर आहेत. उठाव अरबांनी केला, रक्त त्यांचं सांडलं. लॉरेन्सनं बिदागी नाकारली म्हणून त्यांचं देणं फिटत नाही. जामीनदारानं दलाली घेतली नाही, एवढ्यावर कुठल्याही बँकेत कर्ज माफ होत नसतं.

पण ज्यांनी खरोखर कर्ज घेतलं, रेघा ओढल्या, सह्या केल्या, ते पदव्या घेऊन सन्मानानं निवृत्त झाले. त्यांच्यापैकी कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. ती उडाली याची. त्यानं नाव टाकलं, हुद्दा टाकला, पैसा टाकला आणि खातं बंद झालं असं कधी स्वतःला सांगितलं नाही.

चित्रपटाचं शेवटचं दृश्य पुन्हा पाहा. दमास्कस सोडून जाणाऱ्या मोटारीत लॉरेन्स गप्प बसला आहे आणि बाजूनं एक मोटारसायकल धुरळा उडवीत पुढे निघून जाते. पडदा काळा होतो, लोक चपला शोधू लागतात. त्या धुरळ्यापलीकडे साडेसोळा वर्षं शिल्लक आहेत. त्यांत उंट नाहीत, संगीत नाही. दिलेल्या शब्दाचं व्याज मुकाट्यानं भरत राहिलेला एक बुटका शिपाई तेवढा आहे.